नावं मी दिली होती

"खडी ही रहिए मॅडम, दो मिनट का काम है," प्राचार्य म्हणाले.

मी उभी राहिले. त्यांच्या खोलीत सात खुर्च्या होत्या. चार भरलेल्या, तीन रिकाम्या. एका रिकाम्या खुर्चीवर इतिहासाच्या विभागप्रमुख बाईंची पर्स ठेवलेली होती. दोन मिनिटांची पन्नास मिनिटं झाली. पर्स बसून होती आणि मी उभी होते.

चहा आला. चार कप. आमचा शिपाई रामदयाल ट्रे घेऊन आला, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. किती कप आणायचे ते त्याला आधीच सांगितलेलं असतं. त्याची मुलगी पूनम याच कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्याच वर्गात.

कॉलेज मुलींचं आहे, सरकारी, भोपाळच्या रायसेन रोडकडचं. मी तिथे चौदा वर्षं राज्यशास्त्र शिकवते. सरकारी कागदावर माझ्या पदाला अतिथी विद्वान म्हणतात. विद्वान कुणी म्हणत नाही. अतिथी आहे, याची आठवण मात्र दर वर्षी करून देतात. कुठून तरी एखाद्या कायम प्राध्यापकाची या जागेवर बदली झाली की पाहुण्याने चपला घालायच्या. आमच्यात त्याला फॉल आउट होणं म्हणतात. चौदा वर्षांत मी दोनदा फॉल आउट झाले, आणि दोन्ही वेळा हातापाया पडून परत आले.

प्राचार्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "ये वीडियो देखिए. और बताइए कौन कौन है."

व्हिडिओत याच खोलीबाहेरचा व्हरांडा दिसत होता. वीसेक पोरी जमिनीवर मांडी घालून बसलेल्या. सगळ्यांच्या तोंडाला ओढणी. भोपाळच्या पोरी स्कूटीवर असोत नाहीतर पायी, धूळ आणि ऊन लागू नये म्हणून ओढणी अशी गुंडाळतात की फक्त डोळे उरतात. सख्खी आई ओळखणार नाही. एक पोरगी पुस्तक घेऊन मोठ्याने वाचत होती. तिचं पान संपलं की दुसरी वाचायची. घोषणा नाहीत, शिवीगाळ नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर एवढंच लिहिलेलं: रीडिंग रूम खोलो.

हे काय होतं ते सांगते. कॉलेजला निरीक्षण पथक येऊन गेलं होतं. काही वर्षांनी ते येतं आणि कॉलेजचा दर्जा ठरवून जातं. पथक येणार म्हटलं की आमच्याकडे लग्नघर होतं. वाचनकक्षाला रंग लागला, पडदे लागले, नवे पंखे, नव्या खुर्च्या आल्या. पथक आलं, पाहून खूश झालं, समोसे खाऊन गेलं. दुसऱ्या दिवशी वाचनकक्षाला कुलूप लागलं. कारण काय, तर पोरी बसल्या की खुर्च्या खराब होतील, आणि मग पुढच्या वेळी पथकाला काय दाखवायचं? खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. पोरी खिडकीला नाक लावून बघायच्या.

आमच्या निम्म्या पोरी खेड्यांतल्या. आनंद नगरला एका खोलीत चारचार जणी राहतात. तिथे एकीचा स्वयंपाक चालू असतो, दुसरी फोनवर रडत असते, आणि तिसरीने त्यातच राज्यघटना पाठ करायची असते. त्यांना बसून वाचायला तीच एक खोली होती. त्यांनी अर्ज दिला. पुन्हा दिला. "घर जाके पढो," असं उत्तर मिळालं. मग त्या व्हरांड्यात येऊन बसल्या.

आणि हे त्यांना शिकवलं कुणी? मीच. शांततेने, शस्त्राशिवाय एकत्र जमण्याचा अधिकार. मी फळ्यावर लिहिलं होतं, चांगलं ठळक. पहिल्या बाकावरच्या भारतीने हात वर केला होता. "मॅडम, किताब शस्त्र में आती है क्या?" वर्ग हसला. मीही हसले. म्हटलं, "नहीं आती." पुढच्या सोमवारी पोरी पुस्तकं घेऊन बसल्या.

मी रोज त्याच व्हरांड्यातून वर्गावर गेले. त्या वाचत होत्या आणि मी फोनमध्ये डोकं घालून जात होते. एकदा वाटलं थांबावं. नाही थांबले. नोकरीचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांना आपल्याच खोलीत जाताना पुस्तकं ओलांडावी लागली. पॅन्ट वर उचलून, एकेक पाय टाकत गेले. कुणीतरी ते टिपलं आणि गावभर फिरवलं. साहेबांचा पाय दिसला, हाच खरा गुन्हा. कागदावर त्याचं नाव झालं शासकीय कामात अडथळा, आणि समिती बसली. पण ओढण्यांतले चेहरे कुणाचे, ते समितीतल्या एकालाही सांगता येईना. कायम प्राध्यापक हजेरी नंबराने घेतात. बारा, तेरा, चौदा. त्यांना पोरी नंबराने माहीत, आणि नंबर काही व्हिडिओत दिसत नव्हते.

म्हणून मला बोलावलं होतं.

"पूरे कॉलेज में एक आप ही हैं, जो लडकियों को नाम से जानती हैं," प्राचार्य म्हणाले. विभागप्रमुख बाईंनीही मान हलवली. "हाँ, इनकी तो मेमरी कमाल है."

हे खरं होतं. मी हजेरी नावाने घेते. जुलैत पोरी आल्या की पंधरा दिवसांत साठ नावं पाठ करते. मी लहान असताना मला नावाने हाक मारणारी माणसं घरातलीच होती. तुळशी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी चपराशाची पोरगी होते. शाळेतही तेच. तेव्हाच ठरवलं होतं की आपण कुणाला असं बोलवायचं नाही.

चौदा वर्षांत त्या खोलीत माझ्याबद्दल कुणी एक चांगला शब्द बोललेलं नव्हतं. मी फुगले. लिहिताना लाज वाटते, पण फुगले. पाय दुखत होते, समोर चहा पिणं चालू होतं, आणि मी फुगले होते. व्हिडिओत एक पोरगी वाचत होती. ती जिथे थांबत होती तिथेच मी शिकवताना थांबते. ज्या शब्दावर मी जोर देते त्यावरच तिचा जोर. माझंच शिकवणं कुणाच्या तरी तोंडून इतकं नीट ऐकू येत होतं की मला राहवलं नाही.

"ये तो भारती है सर," मी म्हणाले. "भारती अहिरवार. थर्ड इयर. बहुत अच्छा पढती है."

कौतुकाने म्हणाले. शिक्षिका आपल्या चांगल्या विद्यार्थिनीचं नाव घेते तसं. बाजूला बसलेल्या कारकून बाबूने ते कागदावर लिहून घेतलं. पेन कागदावर घासलं गेलं तेव्हा मला कळलं, मी काय केलं ते. पण बाण सुटला होता.

"शाबाश. और?"

"और... साफ नहीं दिख रहा सर."

"देखिए ध्यान से. आपका रिन्यूअल भी यहीं टेबल पे रखा है."

मग मी अंजुमचं नाव दिलं. मग सीमाचं. पहिलं नाव बढाईत गेलं, ही दोन भीतीपोटी गेली. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवते, कारण भीतीचं एकवेळ समजता येईल, बढाईचं मला अजून समजत नाही.

मागच्या रांगेत खांबाला टेकून पूनम बसली होती. तिचे पांढरे कॅनव्हासचे बूट मी ओळखते. एकाची नाडी हिरवी आहे. त्याच वेळी रामदयाल रिकामे कप गोळा करत होता. त्यालाही ते बूट दिसले असणार. कप बशीवर वाजला. मी म्हणाले, "बाकी कोई पहचान में नहीं आ रही सर."

"कोई बात नहीं. बैठिए, बैठिए मॅडम. रामदयाल, मॅडम के लिए चाय."

बाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली. मी बसले. चहा प्याले. गोड होता.

त्या चहाने मला एका जुन्या गोष्टीची आठवण करून दिली. मी आठवीत शाळेत पहिली आले होते. माझे आजोबा राजधानी हलली तेव्हा नागपूरकडून सरकारी कचेऱ्यांबरोबर भोपाळला आले, तेही शिपाईच. बाबाही शिपाई झाले. बाबांचे साहेब मराठी होते, इंदूरकडचे. मराठी साहेब म्हणजे आपला माणूस, असं बाबांना वाटायचं. परक्या मुलखात भाषा एक असली की जातही एक झाली, असा त्यांचा भाबडा समज. मला नवा फ्रॉक घालून, पेढे घेऊन ते साहेबांच्या बंगल्यावर गेले.

साहेबांच्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अगंबाई, पहिली आली? तुमच्यातही हुशार निघतात हं आता." पेढ्यांचा डबा त्यांनी हातात घेतला नाही. कठड्यावर ठेवायला सांगितला. मग म्हणाल्या, "आलीच आहेस तर एवढे कप विसळून टाक. आज कामवाली आली नाही."

मी विसळले. नव्या फ्रॉकवर पाणी उडालं. पालथे घालायला लागले तर बाई म्हणाल्या, "ते तिकडे वेगळे ठेव. पुन्हा धुवायचे आहेत."

पुन्हा धुवायचेच होते, तर मला कशाला लावले? हा प्रश्न मी आठवीत स्वतःला विचारला. उत्तर कळायला कॉलेजात जावं लागलं. कप स्वच्छ करायचेच नव्हते. पहिली आलेली पोरगी मोरीत बसलेली पाहायची होती.

दुसऱ्या दिवशी तिघींना नोटिसा गेल्या. परीक्षेला बसू देणार की नाही, ते चौकशीनंतर ठरणार होतं. पालकांना बोलावलं. भारतीचे वडील रायसेनच्या पलीकडच्या गावातून आले, धुतलेला सदरा घालून. त्यांनाही उभंच ठेवलं. "लडकी को घर ले जाइए, यहाँ नेतागिरी सीख रही है," असं ऐकवलं. बाहेर आले तर मी व्हरांड्यात होते. त्यांनी मला हात जोडले. "मॅडमजी, बिटिया आपका बहुत नाम लेती है. आप ही कुछ समझाओ. सनीचर को आके ले जाऊँगा, अब नहीं पढाना." मी म्हणाले, "देखती हूँ." काय देखती हूँ? माझं मलाच ठाऊक नव्हतं.

वर्गात गेले तर फळ्यावर एकच शब्द लिहिलेला: मुखबिर. खबऱ्या. वाटलं, कळलं यांना. मग पाहिलं तर सगळ्या पोरी एका बाजूला बसल्या होत्या, आणि दुसऱ्या बाजूला, शेवटच्या बाकावर, एकटी पूनम.

भारती उभी राहिली. "मॅडम, तीन नाम गए. ये भी तो बैठी थी, इसका क्यूँ नहीं गया? इसके पापा अंदर चाय देते हैं. पापा की नौकरी बचानी थी इसको."

"मैंने नहीं दिया," पूनम म्हणाली. आवाज इतका बारीक की मला ओठांवरून समजलं.

"तो किसने दिया? दीवार ने?"

मी तोंड उघडलं. आणि म्हणाले, "शांत. किताब खोलो."

फळा पुसला. त्याच फळ्यावर नागरिकांची कर्तव्यं लिहिली. खडू दोनदा तुटला. त्या दिवशी मी काय शिकवलं ते मला विचारू नका. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोरच वर्गात उभा राहून शिकवत होता आणि संन्यासी शेवटच्या बाकावर रडत होती.

मी तिला वाचवायला गेले होते. तिच्या बापाच्या हातातला कप वाजला म्हणून मी तिचं नाव गिळलं. त्या गिळलेल्या नावानेच ती मारली गेली. हे मला रात्रंदिवस चावत होतं. खरं सांगून तिला सोडवायचं, तर पोरी माझं तोंड बघणार नाहीत आणि नोकरी जाईल. गप्प राहायचं, तर ती पोर जाईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि मी दिवस ढकलत होते.

पूनम कॉलेजला यायची बंद झाली. त्यानंतर दोन दिवसांनी रामदयालने मला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"मॅडम, बिटिया खाना नहीं खा रही. आप उन लडकियों को समझा दो. आपकी सुनती हैं."

तो त्या दिवशी खोलीत होता. कप उचलत होता. तीन नावं कुणाच्या तोंडून निघाली, ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"भैया, आपको तो मालूम है किसने बोला," मी म्हणाले. "आपने बेटी को क्यूँ नहीं बताया?"

तो खांद्यावरच्या फडक्याने हात पुसत राहिला. हात कोरडेच होते. "आपने मेरी बिटिया का नाम नहीं लिया," तो म्हणाला. "मैं आपका नाम कैसे ले दूँ?"

शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. मी पूनमचं नाव गिळलं त्याची त्याने अशी फेड केली, आणि स्वतःची पोर उपाशी ठेवली.

त्याच दुपारी बाबूने एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. माझा जबाब. मी लिहिलेला नाही, मी वाचलेलाही नाही, तरी माझा. त्यात होतं की मी प्रत्यक्ष पाहिलं. मुलींनी अश्लील घोषणा दिल्या. प्राचार्यांची वाट अडवली. त्यांना धक्काबुक्की केली. पुढारी तीन. नावं खाली. सही करायची जागा पेन्सिलने फुली मारून ठेवली होती.

"कल दोपहर तक दे दीजिए," बाबू म्हणाला. "सर बोल रहे थे, साइन के साथ ही रिन्यूअल भी हो जाएगा."

मी कागद पर्समध्ये ठेवला आणि घरी आले. बाबा रिटायर झाले तेव्हा तुळशी नगरचं क्वार्टर सोडावं लागलं. आता आम्ही अशोका गार्डनला भाड्याने राहतो, मी, आई आणि बाबा. मागून रेल्वे जाते, पुढे दुकानं. आईला गुडघ्यांमुळे बाहेर पडवत नाही. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे. बाबा रोज सकाळी त्याला हार घालतात आणि मग दिवसभर, जो कुणी खुर्चीत बसलेला दिसेल त्याच्यापुढे वाकतात. मी हे बोलून दाखवलेलं आहे. ते हसतात.

संध्याकाळी मी बाबांना कागद वाचून दाखवला. सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

ते बराच वेळ चष्म्याची काडी चावत बसले. मग म्हणाले, "करून टाक ना बेटा दस्तखत. कोण पाहून राह्यलं? पोरी आहेत, वर्षभरात भुलून जातील. तुझं काय वय आहे का आता दुसरी नोकरी शोधायचं?"

"आणि पूनम?"

"तिचा बाप काही बोलून नाही राह्यला ना? मग तू काहून बोलते?"

मला एकदम काय झालं कोण जाणे. तीस वर्षं न विचारलेलं मी विचारलं. "बाबा, साहेबांच्या बंगल्यावर मला कप धुवायला बसवलं, ते तुम्ही पाहिलं होतं?"

आतून आईचं भांडं वाजायचं थांबलं.

"पाह्यलं होतं," बाबा म्हणाले.

"मग?"

"मग काय. गेटकडे तोंड करून उभा झालो. क्वार्टर जाईन म्हणून भेव वाटलं." त्यांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. "खोटं कायले बोलू? आज कोणी तसं केलं तरी मी तोंडच फिरवीन. मले जमत नाही ते. नाहीच जमलं कधी."

मला राग आला नाही. भीती वाटली. कारण बाबांच्या जागी मला मी दिसत होते. मोरीत पूनम बसली आहे आणि मी गेटकडे तोंड करून उभी आहे. बाबांनी क्वार्टरसाठी तोंड फिरवलं, आणि क्वार्टर शेवटी गेलंच. ते सरकारचं होतं. माझी नोकरीही जाणारच आहे, आज नाहीतर पुढच्या जुलैत. ज्या वस्तूवर माझा हक्कच नाही ती राखायला मी एक पोर विकत होते.

सकाळी रामदयालला फोन केला. "पूनम को लेके आइए. आज की क्लास में चाहिए."

ती आली. बापाच्या मागून, ओढणी गच्च बांधून. भारतीही आली होती. शनिवारी तिला न्यायला येणार होते, म्हणून तिचा हा शेवटचा आठवडा. मी हजेरी घेतली नाही. टेबलाला धरून उभी राहिले.

"तीनों नाम मैंने दिए थे," मी म्हणाले. "भारती, अंजुम, सीमा. मैंने. पूनम ने कुछ नहीं कहा. वीडियो में पूनम भी थी. मैंने पहचान लिया था. बोली नहीं, क्योंकि उसके पापा वहीं खडे थे. इसलिए उसका नाम नहीं गया."

अंजुम भारतीकडे बघायला लागली. भारती माझ्याकडे बघत होती.

"आपने?" ती म्हणाली.

"हाँ."

"आप तो हमें पढाती थीं."

पढाती थीं. मी अजून तिच्यापुढे उभी होते, हातात खडू होता, आणि तिने मला भूतकाळात टाकलं. मला माफी मागायची होती, पण ती मागितली असती तर द्यायचं ओझं तिच्यावर पडलं असतं. तिने ओढणी तोंडावर बांधली आणि निघाली. मागे सीमा, अंजुम, मग सगळ्याच. पूनम सर्वांत शेवटी उठली. दारात थांबली.

"पाँच दिन लगे आपको," ती म्हणाली आणि गेली.

रिकाम्या वर्गात बसून मी माझा जबाब माझ्या हाताने लिहिला. हिंदीत, एका पानात. की मी रोज त्या व्हरांड्यातून गेले. एकही अश्लील शब्द ऐकला नाही. वाट अडलेली नव्हती, कारण मी स्वतः तिथून ये-जा करत होते. मुली अभ्यासाची पुस्तकं वाचत होत्या. वाचनकक्षाला कुलूप होतं आणि अजून आहे. शांततेने एकत्र बसण्याचा अधिकार मी त्यांना वर्गात शिकवला आणि तो अभ्यासक्रमात आहे. तीन मुलींची नावं मला उभं ठेवून, नूतनीकरणाची आठवण करून देऊन घेतली गेली, आणि ती देणं ही माझी चूक होती. टाइप केलेला जबाब माझा नाही. तो सोबत जोडला आहे, सहीविना.

बाबा आयुष्यभर फायली वाहत राहिले. त्यांनी मला लहानपणी एक शिकवलं होतं. ज्या कागदावर आवकचा शिक्का नाही, तो कागद जन्मलाच नाही. साहेब तो खिशात घालतात आणि गोष्ट संपते. म्हणून मी आधी आवक टेबलावर गेले. बाबूने पहिली ओळ वाचली आणि म्हणाला, "मॅडम, पहले सर को दिखा लीजिए." मी म्हटलं, "नंबर डालिए पहले." त्याने इकडे तिकडे पाहिलं. मी हलले नाही. मागे दोघी अर्ज घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यासमोर त्याला नाही म्हणता येईना. शिक्का पडला. नंबर पडला. माझ्या प्रतीवरही पडला.

मग प्राचार्यांकडे गेले. त्यांनी पान वाचलं. चेहरा हळूहळू लाल झाला.

"ये आपने होश में लिखा है?"

"जी."

"आपको पता है आपकी पोस्ट पे ट्रान्सफर आ सकता है? मैं कुछ नहीं कर पाऊँगा."

"पता है सर."

त्यांनी पान टेबलावर माझ्याकडे सरकवलं. आवाज एकदम मऊ झाला. मला त्या मऊ आवाजाची जास्त भीती वाटते. "देखिए, बूढे माँ-बाप हैं आपके. पाँच बजे तक सोच लीजिए. वापस लेने की दरख्वास्त दे दीजिए. मैंने कुछ देखा ही नहीं."

मी पान घेतलं नाही. बाहेर आले.

व्हरांड्यात पोरी पुन्हा बसल्या होत्या. वीस नव्हत्या. आठ होत्या. पूनम त्यांच्यात होती, अंजुमच्या शेजारी. ओढण्या सगळ्यांनी काढलेल्या. लपवायला आता उरलं काय होतं? भारती वाचत होती. मला पाहून ती थांबली. मी टोकाला, खांबापलीकडे, जमिनीवर बसले. कुणी सरकलं नाही. भारतीने पुस्तकात बोट ठेवलं होतं, तिथून ती पुढे वाचायला लागली. फरशी गार होती. कायम प्राध्यापक येताजाता बघत होते आणि विभागप्रमुख बाईंनी मला पाहून रस्ताच बदलला. मला लाज वाटत होती, ती त्यांची नव्हती. त्या आठ पोरींची होती.

पाच वाजता प्राचार्य खोलीतून निघाले. माझ्यापुढे थांबले. "तो मॅडम? दरख्वास्त?"

"नहीं दूँगी सर. कागज वहीं रहेगा."

ते पाय उचलून, पुस्तकं ओलांडून गेले. भारतीने वाचणं थांबवलं नाही, आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

घरी मी अजून बाबांना सांगितलेलं नाही. सांगितलं की ते गप्प बसतील आणि आई देवापुढे जाऊन बसेल. नोकरी जाणार, ते मला माहीत आहे. भारतीचे वडील शनिवारी येणार आहेत. तिला न्यायचं की ठेवायचं, ते माझ्या एका पानाने ठरणार नाही. पोरी मला परत आपलं म्हणतील असं मला वाटत नाही, आणि म्हणावं अशी मी वाटही पाहत नाही. पुढच्या आठवड्यात चौकशीची तारीख आहे. मला साक्षीला बोलावलं नाही. मी जाणार आहे. आत घेतलं नाही तर दारातून बोलेन. माझी साक्ष त्या तिघींच्या बाजूने असेल आणि माझ्याविरुद्ध असेल. तसं लेखी कळवलं आहे. शिक्का घेतला आहे.